ड्रायव्हरच्या मागची पहिली खिडकी

विमानात कुठली सीट घ्यावी, हे मला कोणी विचारू नये. विचारलं तर मी अर्धा तास सोडत नाही. नागपूरहून हैदराबादला सकाळच्या विमानाने जायचं असेल तर सगळे जाणकार सांगतात, उजवी बाजू घ्या, डावीकडे ऊन तोंडावर येतं. जाणकारांना त्यांची उजवी बाजू लखलाभ. मी डावी घेते. पंखाच्या पुढची, चौथ्या-पाचव्या रांगेतली, आणि त्याआधी विमानाचा नकाशा उघडून खात्री करून घेते की तिथे खरोखर खिडकी आहे. काही रांगांत खिडकीची सीट म्हणून नुसती भिंतच पदरात पडते. वैशाखात सगळं धुरकट असतं, आषाढात ढगांशिवाय काही नसतं. खरं बघायचं तर कार्तिकात, हवा धुऊन निघालेली असते तेव्हा. परतीला दुपारनंतरचं विमान आणि उजवी बाजू. तेव्हा सूर्य पलीकडे असतो आणि पूर्वेचा सगळा मुलुख उजेडात पसरलेला असतो.

कारण पूर्वेला माझा मुलुख आहे. उडाल्यावर थोड्या वेळात चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, मग राजुऱ्याकडच्या कोळशाच्या खाणी, काळ्या पायऱ्या उतरत गेलेल्या विहिरींसारख्या. वर्धा नदी दिसते. दिवस चांगला असला तर लांबवर वैनगंगा एकदा चकाकते, आणि त्याच्याही पलीकडे गडचिरोलीच्या जंगलाचा निळा पट्टा. कुरखेडा काही दिसत नाही. ते फार लांब आहे, हे मला कळतं. तरी मी त्या दिशेला मान वळवून बसते. मान माझी, खिडकी माझी.

परवाच एका गृहस्थांनी विनंती केली. त्यांच्या सौभाग्यवतींना बाहेर बघायचं होतं, मी वयाने मोठी, नेहमी जाणारी-येणारी दिसत होते, तर आम्ही मायलेकी एकेक सीट सरकलो तर बरं होईल. मी नाही म्हटलं. गोड बोलून नाही, नुसतं नाही. माझी मुलगी शेजारी होती, ती लाजेने कानापर्यंत लाल झाली. मग हळूच म्हणाली, आई, तुझं हे खिडकीचं काय आहे गं? मी तिला म्हटलं, हैदराबाद आल्यावर सांगते. हैदराबाद आलं, सामान आलं, आणि सांगायचं राहूनच गेलं.

खरं म्हणजे ते सांगायला मला मागच्या महिन्यापर्यंत कारणच नव्हतं. मागच्या महिन्यात कुरखेड्याला माझ्या जुन्या शाळेचा कार्यक्रम होता. जुने विद्यार्थी म्हणून आम्हा चार-पाच जणांना बोलावलं होतं, शाल-श्रीफळ वगैरे. मंचावर आमच्या भागातल्या मालगुजारांचा, म्हणजे जुन्या जमीनदारांचा, नातू होता, आता मोठा माणूस झालेला, बोलायला गोड. माझी ओळख करून देताना तो म्हणाला, की त्या काळी जंगलातल्या गावांतून मुलीने रोज शाळेत येणं सोपं नव्हतं, आणि याच ताईंना, त्या लहान असताना, माझ्या आजोबांनी एसटीतली स्वतःची जागा देऊन टाकली होती. असे मोठ्या मनाचे लोक होते, म्हणून आज आपण इथे आहोत.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हात आधी वाजले, डोकं मागून आलं. गाडीत बसून नागपूरकडे निघाले तेव्हा नागभीड येईपर्यंत मी माझ्या त्या दोन हातांकडे बघत होते, आणि असा संताप झाला होता की ड्रायव्हरने दोनदा विचारलं, मॅडम, एसी वाढवू का.

तर आता सांगते.

ऐंशीच्या त्या दशकात आमच्या गावाला दिवसातून एकच गाडी होती. संध्याकाळी कुरखेड्याहून यायची, ग्रामपंचायतीसमोरच्या चिंचेखाली मुक्काम करायची आणि सकाळी परत निघायची. माझी माय त्या भागात नर्स होती. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी खाट, एक कपाट आणि पांढऱ्या लुगड्यातली माय. सगळे तिला नर्सबाई म्हणत. बाबा रेल्वेत गँगमन, नागभीडला. महिन्यातून दोनदा येत, येताना छोट्या लाइनच्या गाडीचा कोळशाचा वास अंगाला घेऊन येत. आम्ही बुद्धविहाराच्या मोहल्ल्यातले. मायची बदली इथे झाली तेव्हा गावाने तिला खोली दिली ती त्याच मोहल्ल्याला लागून, न विचारता, न सांगता. असल्या गोष्टी गावाला बरोबर समजत.

त्या गाडीचा वास मला अजून येतो. डिझेल, रेक्झिन, विडी, ओल्या गोणपाटाचा दमट वास, फाल्गुनात टोपल्यांमधल्या मोहफुलांचा गोडसर, डोकं चढवणारा दरवळ. खिडक्यांच्या काचा कायम खडखडायच्या. दोन काचांच्या मध्ये कोणीतरी तिकिटाची घडी खोचून ठेवायचा म्हणजे तेवढी एक गप्प बसायची. कंडक्टर भाऊ चिमट्याने तिकिटांच्या पेटीवर टकटक करत मागून पुढे यायचे. छपराखालून दोरी गेलेली असायची, ती ओढली की ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटी वाजायची. कोंबड्या असायच्या, पाय बांधलेल्या. चारोळी, हिरडा, झाडूचं गवत, सगळं जंगल त्या गाडीत बसून बाजाराला जायचं.

माणसं मात्र बरीचशी उभी असायची. आणि पुढे, ड्रायव्हरच्या मागची, उजव्या हाताची पहिली सीट रिकामी असायची.

ती मालकांची. मालगुजारी कायद्याने केव्हाच गेली होती, मालक मात्र गेले नव्हते. त्यांचं घर आमच्या गावाच्या पुढे, फाट्यावर. आठवड्यातून एखाद्या वेळी ते फाट्यावर हात न दाखवता उभे राहत, गाडी थांबे, ते चढत आणि त्या सीटवर बसत. बाकी दिवशी ते येत नसत. तरी सीट रिकामी राहायची. फाटा मागे पडला, मालक चढले नाहीत हे सगळ्यांना दिसलं, तरी ती तशीच रिकामी कुरखेड्यापर्यंत जायची. बाळंत झालेली बाई तिच्या शेजारी दांड्याला धरून उभी. म्हातारे उभे. माय लसीचा बर्फाचा डबा छातीशी धरून उभी, कारण तो डबा खाली ठेवला तर पोरं त्यावर बसत. हे मी लपवणार नाही. माझी माय तीन वर्षं त्या रिकाम्या सीटच्या बाजूला उभी राहिली आहे.

एकदा डेपोने दुसरीच गाडी पाठवली. तिच्यात ड्रायव्हरच्या मागे सीटच नव्हती, तिथे स्टेपनीचं चाक उभं केलेलं. आता मालकांची सीट कोणती? चाकामागची, की डावीकडची पहिली? गावातल्या शहाण्यांनी थोडा विचार केला आणि दोन्ही रिकाम्या सोडल्या. त्या दिवशी चार माणसांची जागा मालकांच्या नावाने मोकळी गेली, आणि मालक घरी झोपाळ्यावर बसून होते. कोणी हसलंसुद्धा नाही.

ती सीट मालकांना बसायला नव्हतीच. कोण कोणाच्या बरोबरीचा नाही, हे रोज सकाळी गावाला बघायला मिळावं म्हणून ती होती. आणि गाव ते बघत होतं, मूग गिळून.

मला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. माझा प्रश्न वेगळा होता. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीला मला कुरखेड्याला घातलं आणि मला गाडी लागायला लागली. लागायला लागली म्हणजे रोज. दुसऱ्या वळणाला तोंडाला पाणी सुटायचं, नाल्याच्या उतारावर पोट वर यायचं, आणि पुढच्या थांब्याच्या आत मी कोणाच्या तरी पायावर ओकलेली असायचे. मायने सगळं केलं. लिंबू हुंगायला दिलं, ओवा चघळायला दिला, पोटावर वर्तमानपत्र बांधलं, उपाशी पाठवलं, भात खाऊ घालून पाठवलं. शेजारच्या काकूंनी काळा दोरा बांधला, तो मायने कात्रीने कापला. शाळेत माझं नावच पडलं होतं. पहिला तास मी बाकावर डोकं टेकून काढायचे. दिवाळीपर्यंत माझे खांदे फ्रॉकमधून बाहेर आले होते.

बाबा दिवाळीला आले, मला बघितलं आणि म्हणाले, शाळा राहू दे. वर्षभर घरी राहील, अंग धरेल, मग बघू. वर्षभर घरी राहिलेल्या आमच्याकडच्या मुली मग कुठे जात, हे बाबांना माहीत होतं आणि मायलाही. माय फक्त म्हणाली, पुढच्या अमावस्येपर्यंत थांबा.

त्याच सुमारास कुटुंबकल्याणाचं शिबिर झालं आणि सरकारी जीप आली. माय मला बरोबर घेऊन गेली. जीपमध्ये पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला, तिच्या मांडीवर बसून मी सगळा रस्ता गेले. तोच रस्ता, तीच वळणं, तोच नाला. मला काही झालं नाही. उलट मी बडबडत होते. माय माझ्या तोंडाकडे बघत होती. परतताना तिने मुद्दाम मला मागे बसवलं, आणि मी नाल्याआधीच ओकले. नर्स होती ती. एवढं तिला पुरे होतं.

सोमवारी सकाळी धुकं होतं. धान कापून झालेलं, शेतातल्या बांध्या मोकळ्या, चुरण्याच्या म्हणजे मळणीच्या तणसाचा वास गावभर. आम्ही गाडीत चढलो. माय मला हाताला धरून गर्दीतून थेट पुढे घेऊन गेली, त्या सीटपाशी. मला वाटलं, तिथे उभं राहायचं आहे. ती म्हणाली, बस.

कंडक्टर भाऊ मागून ओरडत आले. वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही नोकरी होती. म्हणाला, "नर्सबाई, तिथी मालक बसतेत."

"कुठी हायेत मालक?"

"फाट्यावर येतीन."

माय खिडकीवरच्या पट्टीकडे बघत होती. तेव्हा सीटांच्या वर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं असे, महिलांसाठी, आमदार-खासदार, असं काय काय. ती मला म्हणाली, "वाच तं. वर काय लिवलं हाय?"

मी वाचलं. सगळी गाडी ऐकत होती. "हात बाहेर काढू नये."

"अजून काई?"

"नाई."

"मंग हात बाहेर काढू नोको," माय म्हणाली. "बस."

मी बसले. ती माझ्या बाजूला बसली, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन. कंडक्टरने दोरी ओढली. मागून कुजबुज सुरू झाली, आणि ती मालकांवर नव्हती, आमच्यावर होती. जी माणसं त्या सीटच्या पायी वर्षानुवर्षं उभी राहिली होती, त्यांनाच आमचं बसणं खुपत होतं. नर्सबाईले शेफारल्यावानी झालं. सरकारी पगार हाय ना. मी घाबरले होते. मायने माझी हनुवटी धरून तोंड समोर केलं आणि कानात म्हणाली, "जवळचं नको पाहू. लांबचं पाह्य."

समोर जाळी होती, जाळीपलीकडे ड्रायव्हरचा खांदा, त्यापलीकडे काच आणि काचेत रस्ता. उजवीकडे माझी खिडकी. मी लांबचं पाहिलं. रस्ता आधी दिसत होता, वळण आधी कळत होतं, म्हणून पोटाला ते अचानक नव्हतं. धुक्यातून सागाची झाडं एकेक करून पुढे येत होती. एका बोडीवर, म्हणजे लहानशा तळ्यावर, बगळे बसलेले होते, आणि पाणी वाफाळत होतं. पाच महिने मी त्या रस्त्याने गेले होते आणि मला फक्त माझ्या पायांखालची फळी माहीत होती. त्या दिवशी मला कळलं की आपण एवढ्या सुंदर ठिकाणी राहतो. हे मला अजूनही सांगताना भरून येतं, आणि येऊ दे.

फाट्यावर मालक उभे होते.

गाडी थांबली. धोतर, काळी टोपी, हातात काठी, तंबाखूचा मंद वास. ते मागच्या दाराने चढले आणि गर्दी आपोआप फाकत गेली तसे पुढे आले. आमच्यापाशी थांबले. मायने वर बघून मान लववली, जशी कोणाही वडीलधाऱ्या माणसापुढे लववतात, आणि बसून राहिली. गाडीत कोंबडीसुद्धा फडफडली नाही. मालक माझ्याकडे बघत होते. मी काडीसारखी, कपाळावर घाम, ओठ पांढरे. ते म्हणाले, "राहू द्या. पोर आजारी दिसते."

आणि ते डावीकडच्या पहिल्या सीटकडे वळले. तिथे तीन माणसं दाटीवाटीने बसली होती. तिघंही एकदम उठली. मालक खिडकीशी बसले. त्यांची खिडकी काही गेली नाही. उठावं लागलं ते त्या तिघांना. त्यांतला एक तर पायाने अधू होता.

बस एवढंच त्यांनी केलं. हे मी आकस धरून सांगत नाही. ते चिडले असते, आम्हाला उठवलं असतं, तर आमचं काही चाललं नसतं, हेही मला कळतं. ते चिडले नाहीत. पण न चिडणं आणि देणं यांत फरक आहे. आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात झालं होतं की मालकांनी आपली सीट नर्सबाईच्या पोरीला दिली. आमच्याच मोहल्ल्यातले दोघं-तिघं मायकडे आले. म्हणाले, वहिनी, उद्या जाऊन या, दोन शब्द बोलून या, बरं दिसते. माय चुलीपाशी होती. तिने विचारलं, कायचे दोन शब्द? आभाराचे, ते म्हणाले.

"तिकीट काढलं होतं मी," माय म्हणाली. "दोघींचं."

ती गेली नाही. आणि जेवताना मला सांगितलं की उद्यापासून तू एकटी जाशील. तिची लसीची फेरी आठवड्यातून एकदाच होती. बाकी दिवस तिला पायी आसपासची गावं करायची असत. मी रोज येणार नाही, म्हणाली. जागा तुला ठाऊक आहे.

सकाळी मी चढले तर त्या सीटवर एक दुपट्टा ठेवलेला होता. पांढरा, काठाचा, नीट घडी घातलेला. मालकांचे दिवाणजी आमच्याच गावात राहत, त्यांनी पहाटे येऊन तो ठेवला असणार. इतक्या वर्षांत त्या सीटवर कधी काही ठेवावं लागलं नव्हतं. मी दुपट्ट्याकडे बघितलं, कंडक्टरने माझ्याकडे बघितलं, मग दोघांनी दुसरीकडे बघितलं. मी उभी राहिले. नाल्याच्या उतारावर मी त्या सीटच्या बाजूला, दांड्याला धरून, स्वतःच्या पायांवर ओकले. कंडक्टर भाऊंनी माती आणून टाकली. मागून कोणीतरी म्हणालं, पाह्यलं, जिथलं तिथंच शोभते ते. ते वाक्य मी साठी जवळ आली तरी विसरलेले नाही. म्हणणाऱ्याचा आवाजही मला ठाऊक आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही, एवढं सौजन्य पुरे.

घरी आले आणि मायला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती दिवाणजींकडे जाईल, भांडेल, कंडक्टरला बोलेल. ती माझे मोजे धूत होती. म्हणाली, "दुपट्टा जड होता का?"

मी म्हटलं, नाही.

एवढं विचारून तिने मोजे पिळले, दोरीवर टाकले. मला तिचा फार राग आला. आज तो राग आठवतो आणि तिच्या गप्प बसण्याची किंमत कळते. अमावस्येला तीन दिवस होते. बाबा येणार होते आणि माझ्या शाळेचं जे काय व्हायचं ते त्या तीन दिवसांत व्हायचं होतं, हे मला अकराव्या वर्षी पुरतं कळत होतं.

त्या खिडकीतून मी पुढे पाच वर्षं काय काय पाहिलं, ते सांगायला बसले तर विमानाचा प्रवास पुरायचा नाही. पौषात शेतांतल्या लाखोळीची निळी फुलं. माघ सरताना पळस, आधी एखादं झाड, मग आठ दिवसांत सगळी कड पेटलेली. मोहाखाली पहाटेच वाकून फुलं वेचणाऱ्या बाया, आणि त्यांच्या टोपल्यांपाशी शेपटी हलवत बसलेली कुत्री. वैशाखात तेंदूच्या पानांचे पुडे उन्हात ओळीने मांडलेले, मोकळ्या मैदानभर, हिरव्याचे हळूहळू तपकिरी होत जाणारे. श्रावणात रोवणीच्या बाया गुडघाभर चिखलात, त्यांची गाणी गाडीच्या आवाजावरून उडी मारून आत यायची. भाद्रपदात सागाला येणारा फिकट मोहर, जो जवळून दिसतच नाही, लांबूनच दिसतो. सती नदी उजव्या हाताला, कधी वाळू, कधी गढूळ, एकदा तर रस्त्यावर. कोणत्या महिन्यात कोणत्या बाजूला बसावं, कुठली काच फुटकी आहे, चाकावरची सीट का टाळावी, उतरतं ऊन परतीला कुठून येतं, हे माझं सगळं शास्त्र त्या गाडीत तयार झालं. विमानवाले मला काय शिकवणार?

ती गाडी आता नाही. चिंच आहे, पण तिच्याखाली आता मोटारसायकली उभ्या असतात. रस्ता रुंद झाला, सागाची ती रांग गेली. उपकेंद्राला नवी इमारत झाली, फरशीची. माय जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटपर्यंत तिला विमानात बसवायचं राहिलं, आणि याचं मला वाईट वाटतं ते वाटतंच, त्यावर काही इलाज नाही.

पण सांगायची राहिली ती तिसरी सकाळ, बुधवारची.

दुपट्टा होता. तसाच, घडी घातलेला. मी दप्तर खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी तो उचलला. खरंच काही वजन नव्हतं. धुतलेल्या कापडाचा, निळीचा वास होता. फेकायचा नाही एवढं मला सुचलं, कारण फेकला असता तर तो भांडणाचा विषय झाला असता. मी तो ड्रायव्हरच्या मागच्या जाळीवर नीट टांगला, घडी न मोडता, आणि खिडकीशी बसले. दिवाणजी खाली चिंचेपाशी उभे होते, त्यांनी पाहिलं. ते गाडीच्या दाराकडे यायला निघाले. कंडक्टर भाऊंनीही पाहिलं, आणि ते पेटीतली तिकिटं मोजायला लागले, जी त्यांनी आत्ताच मोजली होती.

तेव्हा मागून सोमीबाई उठली. सोमीबाई जंगलातल्या टोल्याची, गोंड म्हातारी. तेवढ्याशा वस्तीतून दोन कोस चालत येऊन ती आमच्या गावाला गाडी धरायची, चारोळी नाहीतर मध घेऊन बाजाराला जायची. ती कधी सीटवर बसत नसे. तिच्या टोल्याची माणसं मागच्या दाराशी खाली फळीवर बसत, टोपल्या मांडीत घेऊन. तिथे बसा असं त्यांना कोणी म्हणत नव्हतं, वर बसा असंही कोणी म्हणत नव्हतं. मायने तिच्या दोन नाती आपल्या हातांनी जगात आणल्या होत्या. पण ती त्यासाठी उठली, असं मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही. कदाचित तिचे पाय दुखत असतील.

ती गर्दीतून टोपली डोक्यावर घेऊन पुढे आली. दिवाणजी दारातून आत चढत होते आणि मोठ्याने म्हणत होते, ए पोरी, ऊठ. सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. सोमीबाईने दिवाणजींकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्यापाशी येऊन टोपली खाली उतरवली, कमरेवर हात ठेवून एक श्वास घेतला, आणि म्हणाली,

"सरक वो माय."

मी सरकले, खिडकीला चिकटून. ती बसली. आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीच्या सीटवर बसली असेल. बसताना तिने आधी हाताने रेक्झिन दाबून पाहिलं. टोपली पायाशी ओढली. दिवाणजी आता आमच्या डोक्यावर उभे होते. त्यांना आता दोघींना उठवावं लागणार होतं, एका पोरीला नाही, आणि त्यातली एक सत्तर वर्षांची होती. त्यांनी कंडक्टरकडे बघितलं. मग गाडीकडे बघितलं. मागे त्या अधू पायाच्या माणसाने घसा खाकरला, नुसताच. एवढ्यात कंडक्टर भाऊंनी दोरी ओढली, घंटी वाजली, आणि दिवाणजींना फाट्यापर्यंत उभ्याने यावं लागलं.

त्या दिवशी मला काही झालं नाही. अमावस्येला बाबा आले तेव्हा मी त्यांना शाळेतली कविता म्हणून दाखवली, आणि शाळा सोडायची गोष्ट घरात परत निघाली नाही. दुपट्टा आणखी दोन दिवस आला, मग यायचा बंद झाला. पुढच्या आठवड्यात तो अधू पायाचा माणूस तिथे बसला. माघात एक ओली बाळंतीण बसली. मालक आले की त्यांना लोक जागा देत, म्हातारे होते ते, द्यायलाच हवी. पण ती दिलेली जागा होती.

हे त्यांच्या नातवाला कोणी सांगितलं नसणार. त्याला दोष नाही. त्याच्या घरात गोष्ट जशी आली तशी त्याने मंचावर सांगितली, आणि मी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी शाळेने मला परत बोलावलं आहे. या वेळी शाल-श्रीफळ नको म्हणून कळवलं आहे, फक्त बोलायला वेळ द्या, आणि मालकांच्या नातवाला पहिल्या रांगेत बसवा, माझ्या अगदी समोर. सोमीबाईची नात आता आरोग्यखात्यात आशाताई आहे, तिलाही बोलवायला सांगितलं आहे. दोघांच्या खुर्च्या शेजारी-शेजारी असतील. तो आधी येऊन बसला असेल, तर ती येईल तेव्हा त्याला थोडं सरकावं लागेल.